मामाजींची ट्रंक : साकोली भागातल्या शेती विस्ताराच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

मामाजी, म्हणजे माझे सासरे, १९६१ साली ग्रामसेवक म्हणून लागले आणि १९९८ साली निवृत्त झाले. ते जाऊन सहा वर्षं झाली. घराचं छप्पर बदलायचं म्हणून आज माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली. आत ३४ सरकारी दैनंदिन्या, ११ खासगी वह्या, सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकांचा गठ्ठा, फ्लॅनेलग्राफचे (फ्लॅनेलच्या फळ्यावर चिकटवून दाखवायच्या चित्रांचे) कापडी तुकडे, जपानी कोळप्याचं गंजलेलं चाक आणि लाल चिंध्या बांधलेली काथ्याची एक लांब दोरी. भंडाऱ्याकडच्या धानशेतीत सल्ला द्यायला सरकारचा माणूस पहिल्यांदा बांधीपर्यंत (धानाच्या वावरापर्यंत) कसा आला, ज्याला सरकारी भाषेत 'विस्तार' म्हणतात, याचा कागदोपत्री इतिहास आमच्या वाचनालयात एक ओळही नाही. तो या ट्रंकेतून उभा करायचा आणि गावात मांडायचा, असं ठरवलं. दुसऱ्या कुणाला आपल्या तालुक्यात हे करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून नोंदी ठेवते आहे.

पहिल्याच दिवशी घोळ घातला. वह्यांना वास येत होता, म्हणून अंगणात उन्हात पसरल्या. दोन तासांत पानं पापडासारखी वळली आणि ओलीत फुटलेली निळी शाई आणखी फिकी झाली. कागद सावलीत, वारा लागेल असे वाळवायचे. उन्हात मिरच्या वाळवतात.

१९ जानेवारी

उधईने (वाळवीने) १९६४ आणि १९६५ च्या दैनंदिन्यांचे कोपरे खाल्लेत. मऊ ब्रश, मलमल, प्लास्टिकच्या पिशव्या, बटर पेपर, सगळं मिळून ६१० रुपये. फाटलेल्या पानांवर मी पारदर्शक चिकटपट्टी लावली. एक पट्टी वाकडी बसली म्हणून काढायला गेले, तर शाईसकट कागदाचा पापुद्रा निघून आला. तीन ओळी कायमच्या गेल्या. त्या ओळींत काय होतं ते आता कधीच कळणार नाही. साकोलीच्या एका जुन्या बाइंडरने मार्ग सांगितला: मैद्याची पातळ खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, आणि बटर पेपरच्या अरुंद पट्ट्या. मोरचूद विषारी असतं, तेव्हा ती वाटी स्वयंपाकघरात परत आणायची नाही. मी आणली नाही, पण सासूबाईंनी तीनदा विचारलं.

२ फेब्रुवारी

स्कॅनर भाड्याने मिळेना, म्हणून मोबाइलवर फोटो काढायला घेतले. स्टुलाला मोबाइल बांधला, खाली वही ठेवली. पहिले ३०० फोटो वाया गेले. वर पंखा फिरत होता आणि प्रत्येक पानावर पात्याची सावली पडली होती. शिवाय पिवळ्या बल्बमुळे निळी शाई करडी दिसते आणि पेन्सिल दिसतच नाही. आता उत्तरेच्या खिडकीपाशी, सकाळी ९ ते ११, पानावर काच ठेवून काढते. तासाला ६० पानं होतात. त्याहून घाई केली की काचेत माझंच तोंड दिसतं.

फाइलींना नुसती तारीख आणि महिना देत होते. तीन वह्या झाल्यावर लक्षात आलं की १२ जुलै दरवर्षी येतो. आता आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, शेवटी वही 'सरकारी' की 'खासगी'.

सरकारी आणि खासगी वेगळ्या ठेवणं हाच या कामातला सर्वांत शहाणा निर्णय ठरणार, असं आत्तापासून वाटतंय. एकाच दिवसाची नोंद दोन्हीकडे आहे आणि ती सारखी नाही. सरकारी दैनंदिनीत दोरीने धान रोवण्याचं प्रात्यक्षिक 'यशस्वी', हजर शेतकरी १२. खासगी वहीत त्याच दिवशी दोन ओळी रोवून झाल्या आणि बाया निघून गेल्या.

१६ फेब्रुवारी

दोन आठवडे फुकट गेले. एकरी उत्पन्नाचा तक्ता करत होते आणि १९६२ च्या आसपास उत्पन्न एकदम उड्या मारतं असं दिसत होतं. मी खूश. मग शेजारच्या बापूजींना तक्ता दाखवला. ते हसले. मामाजींनी कधी मणात लिहिलंय, कधी खंडीत, १९६२ नंतर क्विंटलमध्ये. खंडी आमच्याकडे माप आहे, वजन नव्हे: २० कुडवांची एक खंडी. धानाची खंडी आणि तांदळाची खंडी वजनाला एक येत नाही, आणि कुडवही गावागणिक थोडाफार वेगळा. मी सगळ्याला वजन समजून गुणाकार केले होते.

तक्ता फाडला. आता मूळ माप जसंच्या तसं लिहिते आणि मणाखेरीज काहीही किलोत बदलत नाही. जमिनीचंही तेच. मामाजी एकर आणि डिसमिल लिहितात (१०० डिसमिल म्हणजे एक एकर). त्याचं हेक्टर करण्याच्या भरीस पडू नका. वाचणारा इथलाच आहे, त्याला डिसमिल कळतो.

९ मार्च

इतिहासाचा कणा बसवायला घेतला आणि पुन्हा आपटले. मी लिहून टाकलं होतं की मुंबईच्या सरकारने इथे ग्रामसेवक आणले. चूक. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा, तेव्हा भंडारा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात, आणि १९६२ ला जिल्हा परिषद, पंचायत समिती आली. म्हणजे ग्रामसेवकाचा साहेब दहा वर्षांत तीनदा बदलला. गठ्ठ्यातली जुनी पत्रकं हिंदीत का आहेत, हा प्रश्न मला महिनाभर पडला होता. त्याचं उत्तर शाळेच्या नकाशात होतं.

याच चुकीपायी पुण्यातल्या एका मैत्रिणीला तीन दिवस जुने अहवाल चाळायला लावले. तिला आकाशवाणीच्या ग्रामीण श्रोतागटांचा १९५६ चा प्रयोग सापडला. युनेस्कोच्या मदतीने झालेला, दीडशे गावांत लोक रेडिओभोवती बसून शेतीवर चर्चा करत होते. फार सुंदर प्रकरण आहे. पण ती गावं पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतली. मी उत्साहात त्याचा फलक लिहूनही काढला होता, तो बाद केला. आपल्या तालुक्याचा इतिहास लिहिताना राज्याच्या इतिहासातले चांगले तुकडे उचलून चिकटवायचा मोह होतो. आवरा.

दोनदा नागपूरला गेले, एसटी आणि जेवणखाण धरून १,४८० रुपये. एका कार्यालयात सांगितलं की जुने कागद मुदत संपल्यावर नष्ट केले. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले गोंदियाला विचारा, कारण १ मे १९९९ ला जिल्हा फुटला तेव्हा कागदही वाटले गेले. गोंदियात म्हणाले भंडाऱ्याला विचारा. तिसरी फेरी मारली नाही. घरातल्या ट्रंका शोधणं स्वस्त पडतं.

३० मार्च

मुलाखती सुरू. पहिल्या पाच जवळजवळ निरुपयोगी. एकीत कूलरच्या आवाजाखाली माणूसच ऐकू येत नाही. पण आवाजापेक्षा माझा प्रश्न वाईट होता. 'त्या काळी शेतीखात्याचं मार्गदर्शन कसं होतं?' असं विचारलं की म्हातारी माणसं मीटिंगमध्ये बोलतात तशी बोलतात. चांगलं होतं जी. तुमचे मामाजी देवमाणूस. चहा घ्या.

सहाव्या वेळी दोरी सोबत नेली आणि काही न विचारता खाटेवर ठेवली. ऐंशीच्या पुढच्या त्या माणसाने ती हातात घेतली, चिंध्यांवरून बोट फिरवलं आणि पाऊण तास बोलला. तेव्हापासून वस्तू नेते: दोरी, कोळप्याचं चाक, फ्लॅनेलचे तुकडे. त्यातला गादमाशीचा (धानावरच्या एका किडीचा) तुकडा बघून एकाने विचारलं, 'एवढी मोठी माशी कुठली?' साठ वर्षांपूर्वीही हाच प्रश्न विचारला गेला होता. खासगी वहीत आहे.

१३ एप्रिल

आज ज्यांच्याकडे गेले त्या आजी जन्मभर रोवणीला गेल्या. स्वतःची जमीन नाही. मामाजींच्या कोणत्याही हजेरीपत्रकावर त्यांचं नाव नाही. तपासून पाहिलं, तर दोरी-रोवणीच्या एकाही पत्रकावर बाईचं नाव नाही. सगळे जमीनमालक, त्यांच्या सह्या, अंगठे.

थोडं मागचं सांगायला हवं. जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीम देशभर १९५३ मध्ये निघाली. त्याआधी तिचे प्रयोग बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाले होते. गादीवाफ्यावर थोडंच बी टाकून पऱ्हे (रोपं) करायचे, दोरीने सरळ ओळीत रोवायचे, खत द्यायचं आणि ओळींतून हाताचं कोळपं फिरवायचं. ओळ नसेल तर कोळपं चालत नाही, म्हणून सगळा भार दोरीवर. पुढे सघन शेती जिल्हा कार्यक्रम आला, ज्याला इथले लोक अजून 'पॅकेज' म्हणतात. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने १९६०-६१ पासून तंजावर, रायपूर, लुधियाना अशा सात जिल्ह्यांत तो सुरू झाला आणि दुसऱ्या फळीत भंडाऱ्याचा नंबर लागला. बी, खत, औषध, कर्ज आणि सल्ला, सगळं एकदम द्यायचं, म्हणून पॅकेज. त्यातही दोरी होतीच.

आजींनी दोरी पाहिली आणि पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "एकराचा गुत्ता राहे ना बाई. दोरी सरकवाले येर लागे. गुत्त्यात कोन सरकवते?" (गुत्ता म्हणजे ठेका, येर म्हणजे वेळ.) मी म्हटलं, मामाजी शिकवायला यायचे ना? "येत ना. धुऱ्यावर उभे राहत. मालकाले सांगत."

एवढंच. मी तीन महिने वह्यांत जे शोधत होते ते बिनकागदाच्या बाईने दोन वाक्यांत सांगितलं. शिकवलं एकाला, रोवलं दुसरीने, आणि मजुरी मिळायची ती ओळीची नव्हे, एकराची. मामाजींनाही हे दिसत होतं. दोन ओळी होऊन बाया निघून गेल्या, ही नोंद त्यांचीच आहे. पण दैनंदिनीत ते लिहायला रकाना नव्हता. रकाने होते: एकर, हजर शेतकरी, वाटलेलं खत.

११ मे

उन्हात बाहेर पडवत नाही, वाचन चालू आहे. १९६६ नंतर वह्यांत नव्या बुटक्या वाणांची नावं येतात, तायचुंग नेटिव्ह-१ आणि आयआर-८. मामाजींनी खताच्या गोण्यांच्या पावत्या नीट लावून ठेवल्यात. पुढे दोन हंगाम नुसती गादमाशी आणि कडाकरपा हा रोग. आमच्या पट्ट्यात गादमाशी घरचीच आहे. पोंगा (मधला कोंब) चंदेरी नळीसारखा होतो आणि त्याला लोंबी येत नाही. सुरुवातीच्या बुटक्या वाणांना तिच्यापुढे टिकाव धरता आला नाही. ज्यांनी कर्ज काढून खत टाकलं, त्यांनी मामाजींशी बोलणं सोडलं. एका वर्षाच्या वहीत अशा एका गावाचं नावच येत नाही. ते जात नव्हते, की गेले तरी लिहीत नव्हते, ते कळत नाही. पुढे साकोली-६ सारखी इथलीच वाणं आली, तेव्हा सूर बदलतो.

वाणांच्या फलकात दादाजी खोब्रागडेंना घ्यायचं की नाही, यावर वाचनालयात वाद झाला. ते नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातले. १९८३ मध्ये पटेल-३ धानात त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या सापडल्या. त्या निवडत, जपत त्यांनी वाण तयार केलं आणि घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडलं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही एचएमटी त्यानंतरचं. काहींचं म्हणणं, हा विस्ताराचा इतिहास नाही. माझं म्हणणं, इथली ज्ञानाची वाट खालूनही वर जात होती, आणि एचएमटी गावोगाव पोचवायला कुणी प्रात्यक्षिक घेतलं नव्हतं, लोकांनी पायलीने बी मागून नेलं. फलक ठेवला. २०१८ मध्ये ते गेले, हेही लिहिलं.

२५ मे

१९८० नंतरच्या दैनंदिन्या वाचताना झोप येते. जागतिक बँकेच्या मदतीची प्रशिक्षण आणि भेट योजना, टी अँड व्ही, आली आणि मामाजी पूर्णवेळ शेतीच्या बाजूला गेले. गावांचे आठ गट, पंधरवड्यातला प्रत्येक गटाचा वार ठरलेला, प्रत्येक गटात थोडे 'संपर्क शेतकरी'. त्यांना सांगायचं, ते बाकीच्यांना सांगतील. नोंदी शिक्का मारल्यासारख्या: भेट दिली, संदेश दिला. एक गोष्ट मात्र खरी, जन्ममृत्यूच्या नोंदी, कुटुंबनियोजनाची लक्ष्यं, घरकुलं या कटकटींतून त्यांची सुटका झाली, आणि पहिल्यांदा ते ठरल्या दिवशी ठरल्या गावी दिसू लागले. लोक वार लक्षात ठेवत. आजही एक आजोबा 'ग्रामसेवकाचा गुरुवार' म्हणतात.

संपर्क शेतकरी कोण होते? यादी काढली. ज्यांच्या बांधीला तलावाचं पाणी लागतं, ते. मालगुजारी (इथली जमीनदारी) १९५०-५१ मध्ये गेली, तलाव सरकारकडे आले, पण तलावाखालची जमीन कुणाची, ते फारसं बदललं नाही.

१९९८ च्या पुनर्रचनेनंतर ग्रामपातळीवर कृषी सहाय्यक आले. यंदा त्यांचं पदनाम बदलून 'सहाय्यक कृषी अधिकारी' झालं. फलक छापायच्या आधी हे कळलं, नशीब.

१४ जून

नशीब म्हटलं आणि फलक बिघडले. फ्लेक्सवर २,७०० रुपये घातले. दुकानात फाइल उघडताना अक्षरं फुटली आणि 'विस्तार' चं 'वसि्तार' झालं. छापून हातात आल्यावर पाहिलं. चूक माझी, नमुना न बघता होकार दिला. दुकानदाराने अर्ध्या किमतीत पुन्हा करून देतो म्हटलं, पण मला फ्लेक्स नकोसाच झाला होता. मांजरपाटावर हाताने लिहून घ्यायचं ठरवलं. शाळेतले एक चित्रकार सर तयार झाले. कापड, रंग, बांबू मिळून ३,९०० रुपये. ग्रामसेवकाच्या इतिहासाला तेच शोभतं, त्यांचे फलकही कापडाचेच असत.

फोटो ठेवायला हार्ड डिस्क घेतली, ४,२००. महाग वाटली. पण दोन दिवसांनी मोबाइल तलावात पडला.

१ जुलै

आज कृषी दिन, म्हणून उद्घाटन आज ठेवलं होतं. नऊ माणसं आली, त्यातली चार घरची. १ जुलैला धानाच्या मुलखात माणूस घरी असतो का? हे मला, इथे तीस वर्षं राहणाऱ्या बाईला, सुचू नये! मामाजींच्या वहीतही आहे: जुलैचा मेळावा, उपस्थिती कमी. फलक गुंडाळून ठेवले. आता पोळ्यानंतर.

२२ जुलै

दोरीचा प्रयोग. आमच्या बांधीतले दहा डिसमिल घेतले, पाच हाताने आणि पाच दोरीने. आधी दोरीच मोजली, तर चिंध्यांमधलं अंतर कुठे आठ इंच, कुठे साडेनऊ. काथ्या ओलीवाळी होऊन आकसला होता. नवी नायलॉनची दोरी आणून गाठी मारल्या.

रोवायला चौघी जणी, चौघींना मिळून १,२०० रुपये. बिनदोरीचे पाच डिसमिल एक तास पाच मिनिटांत झाले. दोरीचे एक तास पन्नास मिनिटांत. म्हणजे चौघींची पाऊण-पाऊण तास जास्त मेहनत, एकराचा हिशेब केला तर ६० तास, साडेसात मजुरांचा दिवस. गुत्त्याच्या रकमेत हे कुठून बसणार?

पण खरी गोष्ट घड्याळात नव्हती. दोरीची दोन टोकं मी आणि माझा मुलगा धरून उभे होतो. एकीने विचारलं, "काकू, तुमी नसता तं दोरी कोन धरलं असतं?" घरी येऊन मामाजींची वही उघडली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी एका टोकाला मामाजी, दुसऱ्या टोकाला कोतवाल. दोघं सरकारी पगारावर, म्हणजे मालकाला फुकट. प्रात्यक्षिक त्या दोन हातांसकट यशस्वी होत होतं, आणि संध्याकाळी ते दोन हात सायकलवर बसून पुढच्या गावी जात होते.

त्याच चौघींनी मग स्वतःची युक्ती केली. दोरी काढून टाकली, फक्त दर आठ-दहा फुटांवर एक पट्टा मोकळा सोडत गेल्या, कोळपं नाही तरी फवारणीला माणूस जाईल एवढा. वेळ जवळपास हातरोवणीएवढाच. चारसूत्री नावाच्या धान लागवडीच्या पद्धतीतली १५-२५ सेंटिमीटरची जोडओळ आणि चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मध्ये खताची गोळी खोचणं, हेही त्यांना दाखवलं. गोळी आवडली, १५-२५ नाही.

२४ ऑगस्ट

पोळा शुक्रवारी झाला, काल तान्हा पोळा. आज वाचनालयात प्रदर्शन मांडलं, दीडशेच्या वर माणसं आली. दोरीच्या फलकापाशी गर्दी होती. त्यावर दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावल्यात, सरकारी आणि खासगी. निवृत्त विस्तार कर्मचारी तिघे आले होते. एकाला ते झोंबलं. म्हणाला, एवढं उघडं कशाला मांडायचं. दुसरा म्हणाला, माझ्या घरीही अशी एक वही आहे, आणि पहिल्याकडे बघून गप्प बसला.

एक फोटो चुकीचा निघाला. मी 'पीक स्पर्धेचं बक्षीस वितरण' लिहिलं होतं, तो निघाला कुणाच्या तरी साखरपुड्याचा. नवरदेवाने स्वतः येऊन सांगितलं. खडूने दुरुस्त केलं.

आजींना नातवाने सायकलवरून आणलं. हजेरीपत्रकांचा फलक त्यांना वाचून दाखवला. त्यांनी त्यातले चार मालक ओळखले आणि प्रत्येकाने गुत्त्याचे किती पैसे बुडवले ते मोठ्याने सांगितलं. त्यातल्या दोघांचे नातू तिथेच उभे होते. मुलाने तेवढं रेकॉर्ड केलं, या वेळी कूलर बंद ठेवून.

एकूण खर्च १४,०९० रुपये, त्यातले फ्लेक्सचे २,७०० निव्वळ पाण्यात. वेळ साडेसात महिने. त्यातला दीडेक महिना मापं, पुणे आणि पंख्याची सावली यांत गेला.

राहिलेलं: १९७१ ची खासगी वही ट्रंकेत नाहीच. आज प्रदर्शनात माझा भाचा हळूच म्हणाला की लहानपणी ती त्याने नेली होती, मागच्या कोऱ्या पानांवर गणितं सोडवायला. तुमसरला त्याच्या घरी असावी. रविवारी जाऊन आणते. गणितांसकट फोटो काढीन.